या चुका टाळा: इंग्लिश लिटरेचरच्या हिस्टरीत हातातले मार्क कुठे जातात

नेट-सेटचा (कॉलेजात शिकवण्यासाठीच्या पात्रता परीक्षांचा) अभ्यास सुरू केला की पहिल्या आठवड्यात जवळपास सगळेच एक काम करतात, साहित्याच्या कालखंडांचा मोठा चार्ट बनवतात. चॉसर, एलिझाबेथन, जॅकोबियन, रिस्टोरेशन, ऑगस्टन, रोमँटिक, व्हिक्टोरियन, मॉडर्न, आणि शेजारी अमेरिकेचा वेगळा कॉलम. मीपण केला होता, होस्टेलच्या भिंतीवर वर्षभर लावलेला होता. चार्टबद्दल माझी काहीच तक्रार नाही, तो हवाच. पण आता मी एम.ए.च्या मुलांना शिकवते आणि दरवर्षी पेपर तपासताना त्याच त्याच चुका दिसतात, आणि खरं सांगायचं तर त्या सगळ्या एकाच जागेवरून येतात. चार्टवर जे नाव लिहिलंय ते त्या लेखकांनी स्वतःच स्वतःला घेतलं होतं असं आपण धरून चालतो. बहुतेक वेळा तसं नसतं, नाव नंतर कुणीतरी दिलेलं असतं, कधी कौतुकाने, कधी चक्क शिवी म्हणून. हे एकदा डोक्यात बसलं की अर्ध्या चुका आपोआप सुटतात.

रोमँटिकचंच घ्या. मुलं बिनधास्त लिहितात की "वर्ड्सवर्थ आणि कोलरिज यांनी रोमँटिक मूव्हमेंट सुरू करायचं ठरवलं". तेव्हा कुणी स्वतःला रोमँटिक पोएट म्हणवून घेत नव्हतं. वर्ड्सवर्थ, कोलरिज, रॉबर्ट सदी यांना 'लेक स्कूल' म्हणून एडिंबरा रिव्ह्यूमधून फ्रान्सिस जेफ्रीने झोडपलं, आणि कीट्स-ली हंट यांना ब्लॅकवुड्स मॅगझिनने 1817 पासून 'कॉकनी स्कूल' म्हणून हिणवलं. म्हणजे त्या काळच्या वाचकांसाठी हे दोन वेगळे गट होते, एकत्र मोट नंतर बांधली गेली. ब्लेक तर या सगळ्यांपेक्षा बराच मोठा, जन्म 1757 चा, 'साँग्ज ऑफ इनोसन्स' 1789 चं, म्हणजे वर्ड्सवर्थ-कोलरिजच्या 1798 च्या 'लिरिकल बॅलड्स'च्या नऊ वर्षं आधीचं. त्यामुळे "रोमँटिसिझम 1798 ला सुरू झाला" हे वाक्य परीक्षेत लिहायला चालतं, पण त्याच्याखाली ब्लेकचं नाव आलं की हिशोब बसत नाही, आणि मग मुलं ब्लेकला 'प्री-रोमँटिक' म्हणून मोकळी होतात.

आता 'लिरिकल बॅलड्स' निघालंच आहे तर जी चूक मला सगळ्यात जास्त सापडते ती सांगते. त्याचा प्रीफेस, म्हणजे प्रस्तावना, 1798 चा नाही! 1798 ची पहिली आवृत्ती निनावी होती, तिच्यावर कुणाचंच नाव नव्हतं, आणि सुरुवातीला फक्त एक छोटीशी 'ॲडव्हर्टाइजमेंट' होती. आपण जो प्रीफेस घोकतो तो 1800 च्या दुसऱ्या आवृत्तीत आला आणि 1802 ला वाढवला गेला. "कवी म्हणजे नेमका कोण" हा जो मोठा भाग सगळे कोट करतात तो 1802 ची भर आहे. मॅचिंगच्या प्रश्नात हे बरोबर पकडतात, आणि जिने मूळ पुस्तकाची सुरुवात एकदा तरी चाळलीय ती फसत नाही.

जेन ऑस्टिनला व्हिक्टोरियनमध्ये टाकणं ही दुसरी. ऑस्टिन 1817 ला गेली, व्हिक्टोरिया गादीवर आली 1837 ला. वीस वर्षांचं अंतर आहे! सिनेमातले गाऊन आणि घोडागाड्या बघून डोक्यात सगळं एक होतं, मला समजतं ते. पण तारखा रोमँटिक काळातल्या आहेत म्हणून लगेच तिला रोमँटिकही करू नका. तारीख आणि स्वभाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, तिचं वाक्य अठराव्या शतकातल्या गद्याच्या जास्त जवळचं आहे.

शेक्सपिअरच्या बाबतीतही तसंच. "शेक्सपिअर हा एलिझाबेथन नाटककार" हे पाठ असतं, आणि मग 'मॅकबेथ'वर लिहिताना राणी एलिझाबेथच्या दरबाराचं वर्णन येतं. एलिझाबेथ 1603 ला गेली. 'किंग लिअर', 'मॅकबेथ', 'द टेम्पेस्ट' ही नाटकं पहिल्या जेम्सच्या काळातली, म्हणजे जॅकोबियन. 'मॅकबेथ'मध्ये स्कॉटलंड का, चेटकिणी का, हे जेम्स स्कॉटलंडचा राजा होता आणि त्याने स्वतः चेटूकविद्येवर पुस्तक लिहिलं होतं हे माहीत असेल तरच नीट लिहिता येतं. इथे चुकीच्या लेबलमुळे फक्त एक मार्क जात नाही, उत्तरातला मुद्दाच हातातून जातो.

मेटाफिजिकल कवींबद्दल पटकन. त्यांतला मुख्य कवी जॉन डन 1631 ला गेला, कविता पुस्तकरूपात 1633 ला आल्या, आणि "मेटाफिजिक्स" हा शब्द त्याच्या बाबतीत ड्रायडनने 1693 मध्ये वापरला, तोही तक्रारीच्या सुरात. सॅम्युअल जॉन्सनने काउली या कवीच्या चरित्रात तो गटाला लावला, तिथेही कौतुक नव्हतं. आणि टी. एस. एलियटने 1921 मध्ये याच कवींना परत वर आणलं. त्यामुळे "डनने मेटाफिजिकल स्कूल स्थापन केलं" असं लिहू नका, असं कुठलं स्कूल नव्हतंच.

आता नावांचा घोळ, हा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात महाग. जॉर्ज एलियट म्हणजे मेरी ॲन एव्हन्स, 'मिडलमार्च'वाली, 1880 ला वारली. टी. एस. एलियटचा जन्म 1888 चा. बेन जॉन्सन शेक्सपिअरच्या काळातला नाटककार, सॅम्युअल जॉन्सन 1755 च्या डिक्शनरीवाला, आणि मराठीत दोघांचं आडनाव अगदी सारखंच लिहितो म्हणून मराठी नोट्समधून वाचणाऱ्यांचा गोंधळ दुप्पट होतो, इंग्लिश स्पेलिंगमध्ये पहिल्याला एच नाही एवढं लक्षात ठेवा. सॅम्युअल बटलर दोन आहेत, 'हुडिब्रास'वाला सतराव्या शतकातला आणि 'एरेव्हॉन'वाला एकोणिसाव्या. आणि 'इन्व्हिजिबल मॅन'! एच. जी. वेल्सची कादंबरी 1897 ची, तिच्यात माणूस खरंच दिसेनासा होतो. राल्फ एलिसनची 1952 ची, तिच्यात काळा माणूस सगळ्यांच्या समोर उभा असून त्याला कुणी बघतच नाही. एका मुलीने एलिसनवरच्या दहा मार्कांच्या उत्तरात प्रयोगशाळा आणि औषध लिहिलं होतं, अक्षर सुंदर, भाषा छान, आणि मला एकही मार्क देता आला नाही, फार वाईट वाटलं मला. वेल्सच्या कादंबरीच्या नावात 'द' आहे, एलिसनच्या नाही, प्रश्नात तेवढं नीट बघा.

अजून दोन फसवी शीर्षकं. 'सॉनेट्स फ्रॉम द पोर्तुगीज' हे भाषांतर नाही, एलिझाबेथ बॅरेट ब्राउनिंगच्या स्वतःच्या कविता आहेत. आणि थॉमस मोरची 'युटोपिया' 1516 ची खरी, पण लॅटिनमध्ये लिहिलेली, इंग्लिशमध्ये ती 1551 ला आली, तोपर्यंत मोरचा शिरच्छेद होऊन सोळा वर्षं झाली होती.

लेखक कुठल्या देशाचा हा प्रश्न आला की हात थरथरतात सगळ्यांचे. टी. एस. एलियट सेंट लुईसला जन्मला, 1927 ला ब्रिटिश नागरिक झाला. हेन्री जेम्स न्यूयॉर्कचा, 1915 ला ब्रिटिश झाला, मरणाच्या थोडंच आधी. ऑडन उलटा, यॉर्कला जन्म आणि 1946 ला अमेरिकन. इथे एका शब्दात उत्तर द्यायचा हट्ट सोडा, "जन्माने अमुक, अमुक साली तमुक नागरिक" असं लिहा, कुणीही मार्क कापणार नाही. आणि येट्स, जॉइस, शॉ, वाइल्ड यांना "इंग्रज लेखक" लिहू नका, ते आयरिश आहेत. येट्सच्या कवितेतला अर्धा राग इंग्रज सत्तेशी जोडलेला आहे, त्यालाच इंग्रज म्हटल्यावर उरलं काय?

अमेरिकन कॉलममध्ये 'रेनेसाँ' हा शब्द दोनदा येतो आणि तिथे हमखास पाय घसरतो. अमेरिकन रेनेसाँ म्हणजे साधारण 1850 च्या आसपासचा काळ, इमर्सन, थोरो, हॉथॉर्न, मेलव्हिल, व्हिटमन. हे नाव रुजलं ते एफ. ओ. मॅथिसनच्या 1941 च्या पुस्तकामुळे, म्हणजे जवळपास नव्वद वर्षांनी. या पाचही जणांना सरसकट ट्रान्सेंडेंटलिस्ट (निसर्गात आणि स्वतःच्या अंतर्मनात सत्य शोधणारे) म्हणायचं नाही. हॉथॉर्न ब्रूक फार्मवर काही महिने राहून आला आणि नंतर त्या अनुभवावर शंका घेणारी कादंबरी लिहिली, मेलव्हिलला तर इमर्सनचा निसर्गावरचा भाबडा विश्वास झेपतच नव्हता. थोरो मात्र आपल्याला जवळचा वाटतो, कारण 'वॉल्डन'मध्ये तो रोज सकाळी भगवद्गीतेत बुद्धीची अंघोळ घालतो असं लिहितो, आणि ती गीता चार्ल्स विल्किन्सने 1785 ला केलेल्या इंग्लिश भाषांतरातली.

हार्लेम रेनेसाँ पूर्ण वेगळी, 1920 च्या दशकातली, न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातली, लँग्स्टन ह्यूज, क्लॉड मॅके, झोरा नील हर्स्टन. आणि तिच्यात आणि ब्लॅक आर्ट्स मूव्हमेंटमध्येही (काळ्या लेखक-कलावंतांची 1960 च्या दशकातली चळवळ) घोळ होतो, कारण अमिरी बराकाने 1965 मध्ये थिएटर सुरू केलं तेही हार्लेममध्येच! आपल्याकडे हा घोळ जास्त होतो त्याला एक कारण आहे. दलित पँथर आपल्याला माहीत असते, नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार, मुंबई, 1972, आणि नाव अमेरिकेतल्या काळ्यांच्या चळवळीवरून घेतलं हेही माहीत असतं, मग मुलं लिहून टाकतात की "दलित पँथरने हार्लेम रेनेसाँपासून नाव घेतलं". नाव घेतलं ते 1966 ला ओकलंडमध्ये सुरू झालेल्या ब्लॅक पँथर पार्टीवरून, आणि ती राजकीय संघटना होती. तुलना जरूर करा, आपल्या विद्यार्थ्यांनी ती करायलाच पाहिजे, पण चाळीस वर्षांचं अंतर पुसून नाही.

1956 साल एकदा वेगळ्या कागदावर लिहून ठेवा. त्याच वर्षी अमेरिकेत बीट कवी गिन्सबर्गचं 'हाउल', इंग्लंडमध्ये अँग्री यंग मेनमधल्या ऑस्बर्नचं नाटक 'लुक बॅक इन अँगर' रॉयल कोर्ट थिएटरला, आणि लार्किनसारख्या 'मूव्हमेंट' नावाच्या गटातल्या कवींचं 'न्यू लाइन्स'. बीट, अँग्री यंग मेन, मूव्हमेंट, तीन वेगळ्या गोष्टी.

आता ज्याच्यावर मला खरंच जीव तोडून सांगायचंय ते, तुमच्या हातात कविता कुठल्या आवृत्तीतली आहे ते बघा. एमिली डिकिन्सनने जवळपास 1800 कविता लिहिल्या, तिच्या हयातीत त्यातल्या अगदी मोजक्या छापल्या गेल्या. ती 1886 ला गेली, 1890 ला पहिलं पुस्तक आलं, पण संपादकांनी तिची विरामचिन्हं सरळ केली, काही शब्द बदलले, वरून शीर्षकं दिली. ती शीर्षकं द्यायचीच नाही सहसा. मृत्यू गाडी घेऊन न्यायला येतो ती प्रसिद्ध कविता त्या पुस्तकात 'द चॅरिअट' नावाने आहे आणि तिचं चौथं कडवं, जिथे सूर्यच आपल्याला ओलांडून जातो आणि तिला पातळ कपड्यात थंडी वाजायला लागते, ते कडवंच गाळलंय. पाच कडवी. 1955 ला थॉमस जॉन्सनने हस्तलिखितांवरून आवृत्ती काढली तेव्हा सहा कडवी आणि सगळे डॅश परत आले. बाजारातल्या कितीतरी गाइडमध्ये अजून ती जुनी पाच कडव्यांचीच कविता छापतात (कॉपीराइट नाही म्हणून सोपं पडतं) आणि खाली प्रश्न असतो की डिकिन्सनच्या डॅशबद्दल लिहा. मुलगी कविता बघते, डॅश दिसत नाहीत, मग ती गाइडमधलं उत्तर पाठ करते. तिची काय चूक? तेव्हा कडवी मोजा. वर शीर्षक असेल, डॅश नसतील, पाच कडवी असतील तर ते पान बाजूला ठेवा आणि दुसरी आवृत्ती शोधा.

मेलव्हिलचंही ऐका. 'मोबी डिक' ऑक्टोबर 1851 ला आधी लंडनला 'द व्हेल' नावाने तीन भागांत आलं, आणि त्यात शेवटचा एपिलॉग (उपसंहार) छापलाच गेला नाही. गोष्ट सांगणारा इश्मेल कसा वाचला ते त्या एपिलॉगमध्ये आहे! त्यामुळे काही ब्रिटिश समीक्षकांनी विचारलं की सगळे बुडाले तर गोष्ट सांगतोय कोण. महिन्याभराने न्यूयॉर्कची आवृत्ती पूर्ण आली. "समीक्षकांना कादंबरी कळली नाही" एवढंच वाक्य लिहिण्यापेक्षा हे लिहा.

मग करायचं काय? चार्ट फाडू नका, त्याच्या शेजारी एक वही ठेवा आणि प्रत्येक कृतीसमोर तीन रकाने पाडा, लिहिलं कधी, छापलं किंवा रंगमंचावर आलं कधी, आणि लेबल कुणी कधी लावलं. हॉपकिन्सची 'द विंडहोव्हर', लिहिली 1877, छापली 1918, तो तर 1889 लाच गेला होता, म्हणून तो व्हिक्टोरियन असूनही त्याला वाचलं मॉडर्न पिढीने. बेकेटचं 'वेटिंग फॉर गोदो', फ्रेंचमध्ये लिहिलं 1948-49, पॅरिसला प्रयोग 1953, लंडनला इंग्लिशमध्ये 1955, आणि 'थिएटर ऑफ द ॲब्सर्ड' हे नाव मार्टिन एसलिनच्या पुस्तकातून रूढ झालं 1961 ला. क्रोनॉलॉजीचा प्रश्न आला की आधी बघायचं, प्रश्न कुठल्या रकान्याबद्दल विचारतोय. रोज पाच ओळी भरल्या तरी दोन महिन्यांत तीनशे होतात, आणि ही वही परीक्षेच्या आदल्या दिवशी चाळायला पुरते.

पहिली ओळ टी. एस. एलियटच्या 'द वेस्ट लँड'ची भरा. 1922, ऑक्टोबरमध्ये लंडनच्या 'क्रायटेरियन'मध्ये, साधारण तेव्हाच न्यूयॉर्कच्या 'डायल'मध्ये, आणि डिसेंबरमध्ये पुस्तक. ज्या टिपांमध्ये आपण बृहदारण्यक उपनिषदाचा संदर्भ शोधत बसतो त्या दोन्ही नियतकालिकांत नव्हत्या, त्या पहिल्यांदा आल्या पुस्तकात.