अपघाताच्या क्लेमचे फोन यायला लागले की काय करायचं

दाजी अजून दवाखान्यात होते, पायात रॉड टाकून तिसरा दिवस, आणि अक्काच्या मोबाईलवर पहिला फोन आला. "मॅडम, तुमच्या मिस्टरांचा अपघात क्लेम मंजूर झालाय, चार लाख ऐंशी हजार, फक्त फाइल चार्ज भरायचा राहिलाय." सोलापुरात पुणे रोडला बाळेजवळ टेम्पोनं उडवलं होतं दाजींना, आणि फोनवरच्या माणसाला तारीख माहीत, दाजींचं पूर्ण नाव माहीत, गाडी कुठली होती तेही माहीत. मग खोटं वाटणार कसं. अक्कानं बत्तीसशे रुपये भरले आणि मला चार दिवसांनी सांगितलं, रडत रडत, दाजींना कळू देऊ नको म्हणत. ते पैसे काय परत आले नाहीत. तेव्हापासून कारखान्यात किंवा गल्लीत कुणाचा अपघात झाला की मी आधी जाऊन त्यांच्या घरच्यांना हे सांगतो, तेच इथं लिहितोय.

सगळ्यात पहिलं हे डोक्यात बसवा, तुम्ही दावा दाखल केलेला नसताना तो मंजूर होतच नसतो. समोरच्या गाडीच्या इन्शुरन्समधून भरपाई पाहिजे असेल तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज करावा लागतो, आपल्याकडं ते काम जिल्हा न्यायालयात चालतं, तिथं तारखा पडतात, कागद तपासतात, मग आदेश होतो आणि पैसे दावेदाराच्या बँक खात्यात येतात. यात "फाइल चार्ज", "जीएसटी आधी भरा", "रिलीज ऑर्डरची फी" असलं काही फोनवरून भरायचं नसतंय.

माहिती त्याच्याकडं आहे म्हणून तो खरा, असंही समजू नका. एफआयआरची प्रत किती हातांतून फिरते बघा, झेरॉक्सवाला, गॅरेज, गाडी उचलून नेणारा, ओळखीतला एजंट. आमचा नंबर कुठून गेला ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही.

आता फोन आला तर. "हो" म्हणायचं नाही, "नाही" पण म्हणायचं नाही, उलट विचारायचं, क्लेम नंबर काय, पॉलिसी कुठल्या कंपनीची, तुमचं नाव काय, लेखी पाठवा. बस एवढंच. अपघात कधी झाला, कोण होतं गाडीवर, किती लागलंय, हे तो तुमच्याकडूनच काढून घेतो आणि पुढच्या फोनला दुसरा माणूस तेच तुम्हाला परत सांगतो, म्हणून दुसऱ्यावर विश्वास बसतो. अक्काचं असंच झालं, पहिल्या फोनला ती काळजीनं सगळं बोलून गेली होती, हाड कुठं मोडलंय इथपर्यंत.

ओटीपी द्यायचा नाही हे आता सगळ्यांना माहितंय, पण त्याच्या पलीकडचे प्रकार आहेत. व्हॉट्सअॅपवर "क्लेम स्टेटस" नावाची एपीके फाइल, म्हणजे मोबाईलमधे अॅप टाकणारी फाइल, येते, ती इन्स्टॉल केली की मेसेज त्यांना दिसायला लागतात. स्क्रीन दाखवा म्हणून अॅप टाकायला लावतात. यूपीआयचा पिन टाका म्हणजे पैसे जमा होतील म्हणतात, तर पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन पैसे द्यायला लागतो, हे घरातल्या प्रत्येकाला पाठ पाहिजे. आणि स्टार ४०१ स्टार करून एखादा नंबर डायल करायला सांगितला तर अजिबात करू नका, त्यानं तुमचे फोन त्याच्याकडं वळतात. चुकून केलं असेल तर हॅश हॅश शून्य शून्य दोन हॅश डायल करा, सगळं फॉरवर्डिंग बंद होतं.

पण सगळेच फोन कट करून टाकले असंही चालत नाही हो. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम टाकला असेल तर कंपनीचा सर्व्हेअर खरंच फोन करतो, कधी कधी स्वतःच्या साध्या मोबाईलवरून. त्याच्याकडं क्लेम नंबर असतो. तो लिहून घ्या, फोन ठेवा, आणि पॉलिसीवर छापलेल्या नंबरला स्वतः लावून विचारा की हा माणूस तुमचा का. बँका आणि विमा कंपन्यांच्या सर्व्हिस कॉलसाठी १६०० नं सुरू होणारे नंबर आहेत आणि जाहिरातीच्या कॉलसाठी १४० नं सुरू होणारे, तेवढंही लक्षात ठेवलं तर अंदाज येतो.

तिसरा प्रकार मला सगळ्यात जास्त खटकतो. हा फसवणूकवाला नाही, हा एजंट. गोड बोलतो, दवाखान्यात भेटायलाही येतो, "काका तुम्ही काही करू नका, कोर्टाचं सगळं आम्ही बघतो, मिळालेल्या रकमेतले तीस टक्के द्या" म्हणतो आणि कोऱ्या वकीलपत्रावर, कोऱ्या स्टॅम्पवर सह्या घेतो. माणूस बेडवर पडलाय, घरचे हबकलेत, अशा वेळी सही घेणं हेच मला पटत नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांत वकिलानं माणसं पाठवून केस मागायला मनाई आहे, आणि निकालातल्या पैशावर टक्केवारीनं फी ठरवायलाही मनाई आहे. म्हणजे जो असा फोन करतोय तो तिथंच नियम मोडालाय. कोऱ्या कागदावर सही करू नका, कितीही गडबड असली तरी.

पैसे गेले असतील तर १९३० ला, म्हणजे सरकारी सायबर फसवणूक हेल्पलाइनला, लगेच फोन लावा, लगेच म्हणजे त्याच मिनिटाला, उद्या बघू नाही. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात फिरायच्या आत थांबवता आले तरच उपयोग, आम्ही चार दिवस घालवले म्हणून हात रिकामे राहिले. त्या खात्याचा किंवा यूपीआयचा ट्रान्झॅक्शन नंबर हाताशी ठेवा, बँकेलाही कळवा. घरातल्या बाईमाणसाकडून झालं असेल तर तिला बोलू नका, ओरडा खायच्या भीतीनंच अक्का गप्प बसली होती.

पैसे गेले नाहीत, नुसता फसवणुकीचा फोन आलाय तर संचार साथी या सरकारी वेबसाइटवर "चक्षू" म्हणून सोय आहे, तिथं नंबर, तारीख, वेळ आणि स्क्रीनशॉट टाका. नुसत्या जाहिरातीच्या कॉलचा त्रास असेल तर १९०९ वर इंग्रजीत स्टार्ट, एक जागा सोडून शून्य, असा एसएमएस करा, म्हणजे डीएनडी, जाहिरातीचे कॉल बंद करायची सोय, सुरू होतं. तरी फोन आला तर सात दिवसांच्या आत १९०९ वर किंवा ट्रायच्या (टेलिकॉमवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेच्या) डीएनडी अॅपवर तक्रार करा, तेवढी मुदत २०२५ च्या बदलात मिळालीय, आधी तीनच दिवस होते. पण डीएनडीनं भामटे थांबत नाहीत, ते साध्या दहा आकडी नंबरवरूनच लावतात, त्यामुळं डीएनडी करून निवांत बसू नका.

या फोनवाल्यांचं फावतं कारण खरा रस्ता कुणी सांगत नाही, म्हणून तोही सांगतो. अपघाताचा दावा सहा महिन्यांच्या आत करायचा असं मोटार वाहन कायद्यात आहे, आणि तो तुम्ही राहता तिथल्या न्यायाधिकरणातही करता येतो, अपघात टेंभुर्णीला झाला काय की पुण्यात झाला काय. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयातच विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतंय, बायकांना तिथं मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असलं तरी, बाकी कुणाला मिळतो ते १५१०० ला फोन करून विचारा. गाडी ठोकून पळून गेली, कुणाची कळलीच नाही, तर मृत्यूला दोन लाख आणि गंभीर जखमीला पन्नास हजार अशी सरकारी भरपाई आहे, त्याचा अर्ज प्रांत किंवा तहसील ऑफिसातून चालतो.

आणि पासबुक काढून बघा. वर्षाला वीस रुपये कापलेले दिसले तर ती बहुतेक प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना असते, अपघाती मृत्यूला दोन लाख, त्याचा क्लेम बँकेच्या शाखेत जाऊन करायचा. आमच्या कारखान्यात कित्येकांचे वीस रुपये कापले जातात आणि त्यांना माहीतच नाही. घरात शेती असेल तर गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची शेतकरी अपघात योजना आहे, तिचा प्रस्ताव तालुका कृषी अधिकाऱ्याकडं तीस दिवसांत द्यावा लागतो, म्हणून ते पहिल्या आठवड्यातच विचारून घ्या.

सोलापूरच्या पूर्व भागातल्यांना एक वेगळं सांगायचंय. आपल्याकडं घरात तेलुगू बोलणारी आजी एकटी असते, फोनवाला हिंदीत बोलतो, तिला निम्मं कळत नाही आणि ती सगळ्याला हां हां म्हणत राहते. तिला समजावत बसण्यापेक्षा तिच्या मोबाईलमधे अनोळखी नंबर वाजूच नयेत अशी सेटिंग करून द्या, यूपीआय त्या फोनवरून काढून टाका, आणि दवाखान्याचा, मुलाचा, शेजारच्यांचा नंबर नावानं सेव्ह करून द्या, म्हणजे कामाचे फोन तेवढे वाजतील.