फिग्मामध्ये वेबपानाची चित्रे आणि घटक कसे हाताळावेत

संकेतस्थळाचा आराखडा फिग्मा या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये तयार करताना नवशिके डिझायनर बहुधा छापील जाहिरातीची सवय सोबत घेऊन येतात. कागदाची रुंदी ठरलेली असते, त्यामुळे तिथे घटक योग्य जागी दिसला की काम संपते. वेबपानाची रुंदी मात्र वाचकाचा पडदा ठरवतो, म्हणून इथे प्रत्येक घटकाला नुसती जागा देऊन भागत नाही, तर पान अरुंद किंवा रुंद झाल्यावर त्याने काय करायचे हेही सांगून ठेवावे लागते. पुढील पद्धत तालुक्याच्या गावातील एखाद्या ग्रंथालयाचे मुखपृष्ठ डोळ्यांसमोर ठेवून दिली आहे.

प्रथम 'एफ' ही कळ दाबून फ्रेम, म्हणजे घटक आत ठेवायची चौकट, घ्यावी आणि उजवीकडील तयार मापांमधून 1440 पिक्सेल रुंदीचे डेस्कटॉपचे माप निवडावे. चित्र, मथळा आणि बटण एकत्र ठेवायचे असले की हात आपोआप 'कंट्रोल' आणि 'जी' या कळांकडे, म्हणजे ग्रुपकडे वळतो, तो आवरावा. ग्रुपला स्वतःचे माप नसते, ते आतील घटकांवरून ठरते आणि ग्रुप ताणला की आतील घटकही ताणले जातात. फ्रेमला मात्र स्वतःचे माप असते, बाहेर गेलेला भाग ती झाकू शकते आणि आतील प्रत्येक घटकाला कन्स्ट्रेंट्स, म्हणजे कोणत्या कडेला धरून राहायचे याचे नियम, लावता येतात. ग्रंथालयाचे बोधचिन्ह डाव्या कडेला, शोधपेटी उजव्या कडेला आणि वरची रंगीत पट्टी दोन्ही कडांना बांधावी, मग फ्रेमची रुंदी ओढून कमी-जास्त करून पाहावी. जे हलू नये ते हलले, तर दोष याच टप्प्यावर सापडतो.

बटणांसाठी ऑटो लेआउट, म्हणजे आतील मजकुराप्रमाणे फ्रेमचे माप आपोआप बदलण्याची सोय, वापरावे. आयत काढून त्यावर मजकूर ठेवण्याऐवजी आधी मजकूर लिहावा, तो निवडून 'शिफ्ट' आणि 'ए' दाबावे आणि तयार झालेल्या फ्रेमला पार्श्वरंग द्यावा. 'सभासद व्हा' ऐवजी 'दुर्मीळ पुस्तके पाहा' असे लिहिले, तरी बटण स्वतःहून रुंद होते. देवनागरीसाठी याचा आणखी एक उपयोग आहे. 'दुर्मीळ' या एकाच शब्दात खाली उकार आणि वर रफार व वेलांटी येते, त्यामुळे रोमन अक्षरांच्या हिशेबाने ठरवलेल्या उंचीत आपला मजकूर कोंबल्यासारखा दिसतो आणि फ्रेमने बाहेरचा भाग झाकला असेल, तर वेलांटीचा माथाच कापला जातो. ओळीची उंची घट्ट आकड्यात बांधण्यापूर्वी ती 'ऑटो'वर ठेवून निवडलेल्या फॉन्टला किती जागा लागते ते पाहावे. 'मुक्त' आणि 'बलू' या फॉन्टची गरजही सारखी नसते. नमुना मजकूर म्हणून निरर्थक लॅटिन ओळी भरण्याची प्रथा मराठी संकेतस्थळाच्या कामात म्हणूनच निरुपयोगी आहे. खरा मजकूर आला नसेल, तर निदान जोडाक्षरे आणि मात्रा असलेली मराठी वाक्ये घालावीत.

छायाचित्र फिग्मामध्ये एखाद्या आकाराची भरणी म्हणून बसते, हे लक्षात घेतले की बरेच गोंधळ टळतात. 'फिल' या पर्यायात आकार पूर्ण भरतो पण चित्राच्या कडा कापल्या जातात, 'फिट' मध्ये संपूर्ण चित्र दिसते पण बाजूला रिकामी जागा राहू शकते, तर 'क्रॉप' मध्ये कोणता भाग दाखवायचा ते आपण ठरवतो. वाचनकक्षाच्या आडव्या छायाचित्रातील माणसे मोबाइलच्या उभ्या चौकटीत डोक्याशिवाय दिसू नयेत, यासाठी मोबाइलच्या फ्रेममध्ये 'क्रॉप' वापरून तेच चित्र वेगळे बसवावे.

रेषांनी काढलेली छोटी चिन्हे लहान-मोठी करताना नेहमीच्या पद्धतीने कोपरा ओढला, तर आकार बदलतो पण रेषेची जाडी तीच राहते आणि लहान चिन्ह काळवंडलेले दिसते; 'के' कळ दाबून स्केल साधन घेतल्यास जाडीही प्रमाणात बदलते. वारंवार लागणारे चिन्ह किंवा बटण कंपोनंट, म्हणजे पुन्हा पुन्हा वापरता येणारी मूळ प्रत, करून ठेवावे, त्यामुळे तिच्यातील बदल सर्व पानांवर पोहोचतो. थरांना, म्हणजे डावीकडील यादीत दिसणाऱ्या प्रत्येक घटकाला, अर्थपूर्ण नावे द्यावीत. 'आयत 47' पाहून प्रोग्रॅमरला काहीच कळत नाही.

शेवटी निर्यात. छायाचित्रे जेपीजीमध्ये आणि दाट पिक्सेलच्या पडद्यांसाठी दुप्पट मापात काढावीत. चिन्हे व बोधचिन्ह एसव्हीजी या पिक्सेलऐवजी रेषा-आकारांनी बनणाऱ्या फाइल-प्रकारात काढावे, कारण ते कितीही मोठे केले तरी कडा फाटत नाहीत. एसव्हीजीच्या पर्यायांमध्ये 'आउटलाइन टेक्स्ट' सुरू असेल, तर अक्षरांचे रूपांतर आकारांमध्ये होते. बोधचिन्हातील ग्रंथालयाच्या नावासाठी हे हवेच, अन्यथा वाचकाच्या संगणकात तो फॉन्ट नसल्यास नाव भलत्याच वळणात उमटते. मथळे आणि सूचनांसाठी मात्र हा मार्ग वर्ज्य मानावा; आकार झालेली अक्षरे मजकूर म्हणून निवडता येत नाहीत आणि दृष्टिहीन वाचकाला मजकूर बोलून दाखवणारे स्क्रीन रीडर ती वाचू शकत नाही. म्हणून छायाचित्रावरचा मथळा वेगळ्या थरात ठेवावा, निर्यातीपूर्वी तो चित्रात मिसळलेला नाही याची खात्री करावी आणि प्रत्येक छायाचित्रासाठी एका ओळीचे मराठी वर्णन लिहून ते फाइलसोबतच प्रोग्रॅमरकडे द्यावे.