छोट्या मॉडेल रेल्वे लेआउटवरचं शंटिंग: या चुका टाळा

तीन साइडिंग (वाघिणी उभ्या करायचे बाजूचे रूळ), एक इंजिन, आठ-दहा वाघिणी. एवढ्यावर खऱ्या स्टेशनासारखं शंटिंग, म्हणजे वाघिणी जोडणं-सोडणं आणि हव्या जागी लावणं, करता येतं. तरी बरेच लेआउट लवकर कंटाळवाणे होतात, आणि दोष जागेचा नसतो. वाघीण कुठून आली, कुठे जायची आणि का, हेच ठरलेलं नसतं.

पहिली चूक काळ निवडताना होते. आज मिरज–लोंढा मार्गावर मालगाडी म्हणजे बहुतेक एकाच मालाचा अख्खा रेक (एकत्र धावणारा वाघिणींचा संच). 58 बॉक्सएन (उघड्या) वाघिणी एचओ या मॉडेलच्या मापात (1:87) मांडल्या तर सात मीटरच्या वर जातात. छोट्या फळीला (लेआउट जिच्यावर उभा असतो ती) मीटरगेजचा काळच शोभतो, म्हणजे नव्वदच्या दशकात इथे ब्रॉडगेज येण्याआधीचा, सुट्या वाघिणींच्या मालाचा. वायडीएम-4 हे मीटरगेजचं डिझेल इंजिन घ्या आणि उगार-रायबाग पट्ट्यातलं एखादं कल्पित स्टेशन धरा. गळीत हंगामात साखरेसाठी रिकाम्या बंद वाघिणी आत, भरलेल्या बाहेर, शिवाय मळीच्या टाक्या; पेरणीच्या तोंडावर खत. हंगाम बदलला की कामही बदलतं.

प्रत्येक वाघिणीचं कार्ड करा. त्यावर माल, कुठून, कुठे आणि नेमकी कुठल्या दारासमोर उभी करायची, एवढं लिहा. ‘शेडमध्ये’ एवढंच लिहिणं ही नेहमीची चूक. समजा, शेडच्या आतल्या टोकाची वाघीण भरून तयार आहे, पण तिच्या पुढच्या दारासमोर दुसरीतून पोती उतरवणं अर्धवट राहिलंय. मग हमालांना थांबवायचं, दोन्ही बाहेर ओढायच्या, भरलेली वेगळी ठेवायची आणि अर्धी रिकामी पुन्हा त्याच दारासमोर अचूक लावायची. शंटिंगचा खरा आनंद मला इथे वाटतो. इंगलनूकसारखी वाघिणी ठरलेल्या क्रमाने लावायची कोडी (5, 3 आणि 3 वाघिणींच्या साइडिंग) हात बसवायला उत्तम, पण तिथला क्रम चिठ्ठीने ठरतो. स्टेशनात तो मालाने ठरतो.

लूप (दोन्ही टोकांना मुख्य रुळाला जोडलेला बाजूचा रूळ) नुसता रुळाच्या लांबीवर मोजू नका. दोन्ही टोकांच्या फाउलिंग मार्कमधलं (ज्यापुढे उभी वाघीण शेजारच्या रुळावरच्या गाडीला अडेल, त्या खुणांमधलं) अंतर तेवढंच उपयोगी. सांध्यापलीकडच्या (रूळ फुटतात त्या जागेपलीकडच्या) आखूड रुळावर इंजिन पूर्ण मावलं पाहिजे. दोन सेंटिमीटर कमी पडले तरी इंजिन वाघिणींच्या दुसऱ्या टोकाला नेता येत नाही. रूळ ठोकण्याआधी कागदावर खऱ्या वाघिणी ठेवून बघा. एखादी साइडिंग उलट्या तोंडाची ठेवा, म्हणजे इंजिन दुसऱ्या टोकाला नेण्याला कारण मिळतं. आणि साइडिंग कधीच गच्च भरू नका, हालचालीला जागा हवी.

घाईही नको. पॉइंट्समन (सांधेवाला) खाली उतरणार, जोडणी करणार, व्हॅक्यूम ब्रेकचे होज लावणार. तेवढा वेळ इंजिन थांबवा.

गाडी घसरत असेल तर आधी एवढं बघा: सगळ्या वाघिणी एकाच जागी घसरतात का? मग दोष रुळात. एकच वाघीण सगळीकडे घसरते का? मग तिच्या चाकांमधलं अंतर गेजने तपासा. इंजिन सांध्यावरच अडत असेल तर फ्रॉगला (सांध्यात दोन रूळ एकमेकांना छेदतात त्या तुकड्याला) वीज पोचते का ते बघा. नसेल तर तिथे लहान इंजिन हमखास बंद पडतं. बेळगावजवळच्या खानापूरकडच्या पावसात प्लायवूड फुगतं, म्हणून रूळ बसवण्याआधी फळीला दोन्ही बाजूंनी आणि कडांनाही रंग द्या.