जुन्या कॉलेज बेसबॉल हंगामाची वही कशी करावी: येल, १९४८

जुन्या हंगामाची वही करायला बसाल तेव्हा नावाजलेल्या खेळाडूपासून सुरुवात करू नका. येल विद्यापीठाच्या १९४८च्या बेसबॉल संघाचं नाव काढलं की लोक लगेच म्हणतात, "तो जॉर्ज बुशचा संघ ना!" खरंच आहे ते. पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले थोरले बुश त्या वर्षी कॅप्टन होते आणि फर्स्ट बेसवर, म्हणजे फलंदाज धावत जाऊन आधी गाठतो त्या पहिल्या तळापाशी, क्षेत्ररक्षण करायचे. पण एकाच माणसाच्या मागे लागलात की उरलेले आठ जण कागदावरून नाहीसे होतात. मी मुंबईच्या मैदानांवर वर्षानुवर्षं क्रिकेटचं स्कोअरिंग केलं. आता मुलाकडे कनेक्टिकटला असते आणि जुन्या वृत्तपत्रांतले बेसबॉलचे स्कोअर उतरवून काढते. त्यातून जी पद्धत हाताला बसली ती इथे सांगते. उदाहरण येलचं घेतलंय, पण त्या काळातल्या कुठल्याही कॉलेजच्या संघाला ती चालेल.

आधी हंगामाची चौकट आखून घ्या. ईशान्य अमेरिकेत मार्चअखेरपर्यंत मैदानं गारठलेली असतात. त्यामुळे तिकडचे संघ वसंताच्या सुट्टीत दक्षिणेकडे जाऊन खेळायचे आणि एप्रिलमध्ये घरी परतून आपल्या भागातल्या कॉलेजांशी भिडायचे. मे-जूनमध्ये परीक्षा आणि हंगामाचा शेवट. त्यापुढचा जूनमधला टप्पा १९४७ साली नवा आला: कॉलेज वर्ल्ड सिरीज, म्हणजे कॉलेज संघांची राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा. पहिली दोन वर्षं तिची अंतिम फेरी मिशिगन राज्यात कॅलमझू इथल्या हाइम्स फील्डवर झाली, तीनपैकी दोन सामने जिंकणारा विजेता. दोन्ही वर्षी येल तिथवर पोचलं. वहीत मोसमाचे सामने आणि हे बादफेरीचे सामने वेगळ्या पानांवर ठेवा, बेरजा एकत्र करू नका.

मग तारखांची यादी. ती विद्यार्थ्यांच्या दैनिकात मिळते. 'येल डेली न्यूज'चे जुने अंक येलच्या ग्रंथालयाने ऑनलाइन ठेवले आहेत. 'हार्वर्ड क्रिमसन' आणि 'डेली प्रिन्स्टोनियन' यांचेही जुने अंक घरबसल्या वाचता येतात, आणि ते वाचाच. प्रत्येक सामना शक्य तितका प्रतिस्पर्ध्याच्या पेपरातूनही बघायचा, कारण आपल्या पोराची चूक आपला पेपर एका ओळीत उरकतो आणि समोरचा तीच सविस्तर छापतो. यादी करताना फ्रेशमन संघाचे सामने बाजूला काढा. पहिल्या वर्षाच्या मुलांचा संघ वेगळा असायचा आणि त्याचे निकाल त्याच पानावर छापले जायचे. पावसाने अर्धवट राहिलेले आणि अंधारामुळे थांबवलेले सामनेही तारखेसकट लिहा. निकाल लागला नाही तरी तो दिवस हंगामातलाच असतो.

आता मुख्य काम, बॉक्स स्कोअर, म्हणजे पेपरात छापलेला सामन्याचा खेळाडूवार आकड्यांचा तक्ता. क्षेत्ररक्षकांचे आकडे पाठ करून टाका: पिचर (चेंडू टाकणारा) १, कॅचर (फलंदाजामागे तो झेलणारा) २, फर्स्ट बेसमन ३, सेकंड बेसमन ४, थर्ड बेसमन ५, शॉर्टस्टॉप ६, लेफ्ट फील्ड ७, सेंटर फील्ड ८, राइट फील्ड ९. शॉर्टस्टॉप उभा राहतो दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे, तरी त्याचा आकडा ६, हे एकदा डोक्यात बसवून घ्या. ६-४-३ दिसलं की शॉर्टस्टॉपने चेंडू अडवून सेकंड बेसमनला दिला, त्याने पहिल्या बेसवर फेकला आणि दोघे बाद, म्हणजे डबल प्ले.

त्या काळच्या बऱ्याच वृत्तपत्रांत नावापुढे पाच रकाने असतात: ॲट-बॅट (सरासरीत धरली जाणारी फलंदाजीची पाळी), धावा, हिट (फटका मारून सुखरूप गाठलेला बेस), पुटआउट आणि असिस्ट. नवखी माणसं पहिले तीन बघतात आणि पुढे सरकतात. मी शेवटचे दोन आधी बघते. ज्याच्या हातात फलंदाज बाद होतो त्याला पुटआउट, चेंडू फेकून मदत करणाऱ्याला असिस्ट. स्ट्राइकआउटचा, म्हणजे तीन स्ट्राइक होऊन बाद झालेल्याचा, पुटआउट कॅचरच्या नावावर जातो. म्हणजे हे दोन रकाने नीट वाचले की तुम्ही न पाहिलेला सामना उलगडायला लागतो. फर्स्ट बेसमनचे पुटआउट बारा-तेरा आणि शॉर्टस्टॉपचे असिस्ट सहा-सात असतील, तर पिचरचे चेंडू त्या दिवशी खाली राहत होते आणि फलंदाज ते जमिनीवर मारत होते. आउटफिल्डच्या तिघांचे (७, ८, ९) पुटआउट फुगलेले असतील तर चेंडू हवेत जात होते. कॅचरचा आकडा मोठा असेल तर पिचर जोरात होता.

बुशच्या नावापुढे पुटआउटचा आकडा मोठा दिसला म्हणून लगेच हरखून जाऊ नका. तो आकडा त्या जागेचा असतो, फर्स्ट बेसवर कुणीही उभं राहिलं तरी मोठाच येतो. पण त्याच्याबरोबर चुका किती कमी आहेत ते बघा, ते मात्र त्या माणसाचं. बुश डावऱ्या हाताने फेकायचे आणि उजव्या हाताने बॅटिंग करायचे, हे स्वभाववर्णन म्हणून नव्हे तर उपयोगाचं म्हणून लिहून ठेवा. डावऱ्या फर्स्ट बेसमनला दुसऱ्या बेसकडे फेकताना अंग वळवावं लागत नाही, त्यामुळे ३-६-३ असा डबल प्ले कुठे सापडला तर त्याचं कारण कळतं.

प्रत्येक बॉक्स स्कोअरचा ताळा करा. ही पायरी कुणी गाळू नये असं मला मनापासून वाटतं. खेळायला आलेल्या फलंदाजाचं शेवटी तीनपैकी एकच काहीतरी होतं: तो धाव काढून परत येतो, बाद होतो, किंवा इनिंग संपताना बेसवर अडकून राहतो. (तीन बाद झाले की संघाची इनिंग संपते; नऊ इनिंगचे मिळून २७ बाद.) म्हणून एका बाजूला ॲट-बॅट, वॉक (चार वाईट चेंडूंमुळे मिळालेला फुकटचा बेस), चेंडू लागून बेसवर गेलेले आणि सॅक्रिफाइस बंट (सहकाऱ्याला पुढे सरकवायला स्वतः बाद होऊन हलकेच टेकवलेला चेंडू) यांची बेरीज करा. दुसऱ्या बाजूला धावा, बेसवर अडकलेले आणि प्रतिस्पर्धी संघाचे पुटआउट. समजा, ३४ ॲट-बॅट, ४ वॉक, १ चेंडू लागून, १ सॅक्रिफाइस: झाले ४०. धावा ५, अडकलेले ८, पुटआउट २७: तेही ४०. ताळा लागला. लागला नाही, तर छपाईत कुठेतरी आकडा घसरलाय. तो दुसऱ्या पेपरातून शोधायचा, अंदाजाने भरायचा नाही. बेसवर अडकलेल्यांची संख्या रकान्यांखालच्या बारीक मजकुरात असते, तिथे डोळे ताणून वाचावं लागतं.

पुटआउट दरवेळी २७ येतीलच असं नाही. यजमान संघ पुढे असेल तर तो नववी इनिंग खेळतच नाही, मग पाहुण्यांचे पुटआउट २४ राहतात. २५ किंवा २६ दिसले तर खाली खुणेची ओळ शोधा: विजयी धाव निघाली तेव्हा एक किंवा दोन बाद होते, असं लिहिलेलं असतं.

काळाचे नियम आजचे धरू नका. आज उंच चेंडूवर झेल जाऊन तिसऱ्या बेसवरचा खेळाडू धाव काढतो तेव्हा फलंदाजाचा ॲट-बॅट धरत नाहीत. १९४० ते १९५३ या काळात अधिकृत नियमांत ही सवलत नव्हती, ती १९५४ला परत आली. म्हणून १९४८च्या मुलांच्या सरासऱ्या आजच्यांशेजारी मांडून त्यांना कमी लेखणं हा अन्याय आहे. पिचर स्वतः बॅटिंग करायचा, सामनाभर त्याच्याऐवजी फक्त बॅटिंग करणारा वेगळा खेळाडू ठेवायचा प्रकार नव्हता. बॅट लाकडाच्या, कॉलेजात धातूच्या बॅटना परवानगी मिळाली ती १९७४ला. पिचरची अर्न्ड रनची (क्षेत्ररक्षकांच्या चुकांविना निघालेल्या धावांची) सरासरी काढायच्या फंदात पडू नका. वृत्तपत्रांतल्या छोट्या स्कोअरमध्ये त्यासाठी लागणारा तपशील सहसा नसतो.

खेळाडूंच्या यादीत वय पाहून गोंधळायला होईल. त्या संघांत युद्धावरून परतलेले बरेच होते, सरकारने माजी सैनिकांना शिक्षणासाठी दिलेल्या मदतीमुळे कॉलेजं भरून गेली होती. बुश नौदलाचे वैमानिक होते, १९४४मध्ये त्यांचं विमान पाडलं गेलं होतं, आणि येलला असताना ते लग्न होऊन एका मुलाचे बाप झालेले होते. कोच ईथन ॲलन स्वतः १९२६ ते १९३८ मेजर लीगमध्ये खेळलेला माणूस. अशा नोंदींना शेवटी एक रकाना ठेवा. जून १९४८मध्ये येल फील्डवर बेब रूथ आला आणि त्याने आपल्या आत्मचरित्राचं हस्तलिखित येलला दिलं, ते कॅप्टन म्हणून बुशने स्वीकारलं. ही घटना कुठल्याही बेरजेत बसत नाही, पण वगळली तर वही अपुरी. रूथ तेव्हा कर्करोगाने खंगलेला होता, ऑगस्टमध्ये तो गेला.

आता अंतिम फेऱ्या. १९४७ला कॅलिफोर्नियाकडून १७-४ आणि ८-७ असे सरळ दोन पराभव. त्या कॅलिफोर्निया संघातला जॅकी जेन्सन पुढे १९५८ला अमेरिकन लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. १९४८ला, ज्या साली आपल्याकडे मुंबईत कांगा लीग सुरू झाली, सदर्न कॅलिफोर्नियाविरुद्ध येलने पहिला सामना ३-१ गमावला, दुसरा ८-३ जिंकला आणि तिसरा ९-२ गमावला.

त्यातला पहिला सामना ताळ्याच्या सरावासाठी घ्या. नववी इनिंग, तिन्ही बेस भरलेले, एकही बाद नाही, आणि येलच्या फलंदाजाच्या एका फटक्यावर ट्रिपल प्ले होऊन, म्हणजे एकदम तिघे बाद होऊन, सामना संपला. बेसवर तिघे, फलंदाज चौथा, बाद तीन. मग चौथा कुठे गेला? तो बेसवर अडकला, त्याची नोंद अडकलेल्यांत करायची. नाहीतर बेरजेत एक कमी येतो आणि तुम्ही छपाईला दोष देत बसता. पुढचा नंबर बुशचा होता. ते बॅट घेऊन वाट बघत उभे होते, पण त्यांच्यापुढे त्या इनिंगसाठी बॉक्स स्कोअरमध्ये काहीच पडत नाही. ते फक्त बातमीत सापडतं. म्हणून स्कोअरचं कात्रण काढताना त्याच्या वरची बातमीही पूर्ण काढा आणि दोन्ही एकाच पानावर समोरासमोर चिकटवा.