गुन्हा क्रमांकावरून निकालाची नक्कल मिळवताना

धाकट्या भावाची खटल्यातून निर्दोष मुक्तता झाली होती, तरी नोकरीच्या चारित्र्य पडताळणीसाठी निकालाची प्रमाणित नक्कल हवी होती आणि आमच्या हाती एफआयआरचा क्रमांक व वर्ष एवढेच होते. नाशिकच्या न्यायालयात मी तोच क्रमांक लिहून अर्ज केला. तो परत आला, कारण नकलेसाठी खटला क्रमांक लागतो. एफआयआरचा क्रमांक म्हणजे पोलीस ठाण्याचा गुन्हा क्रमांक, तो निराळा, हे तेव्हा मला ठाऊक नव्हते.

न्यायालयांतील खटल्यांची माहिती देणाऱ्या ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर जिल्हा, न्यायालय संकुल, पोलीस ठाणे, एफआयआर क्रमांक आणि वर्ष भरल्यावर खटला क्रमांक, निकालाची तारीख आणि १६ अंकाक्षरांचा सीएनआर क्रमांक (प्रत्येक खटल्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक) मिळाला. हे सर्व लिहून, कोर्ट फी स्टँप लावून नवा अर्ज दिला. नक्कल हाती येताच मी आधी शिक्का आणि ‘निर्दोष’ हा शब्द पाहिला.