दैनिकाचा जन्म अभ्यासताना: ‘सकाळ’च्या पहिल्या दिवसांपाशी घालवलेलं वर्ष

पत्रकारितेच्या एम.ए.ला प्रबंधिकेसाठी मी ‘सकाळ’ची सुरुवातीची वर्षं हा विषय घेतला. पंधरा दिवसांत पहिला मसुदा तयार होता. ‘सकाळ’चे संस्थापक डॉ. ना. भि. ऊर्फ नानासाहेब परुळेकर, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाची डॉक्टरेट, तिथली दैनिकं जवळून पाहून परतलेला तरुण, १ जानेवारी १९३२ला पुण्यात निघालेला पहिला अंक, सगळं त्यात होतं. मॅडमनी तो वाचला आणि परत केला. म्हणाल्या, “नानासाहेब दिसले. वर्तमानपत्र कुठंय?”

या विषयाकडे वळणाऱ्या बहुतेकांची गाडी इथंच अडते. आपण संस्थापकाचं चरित्र लिहितो आणि त्यालाच दैनिकाचा इतिहास समजतो. दुसरी चूक ‘पहिलं’ या शब्दाची. ‘सकाळ’ पुण्यातलं पहिलं दैनिक नव्हतं; १८४९चं ‘ज्ञानप्रकाश’ १९०४पासून रोज निघत होतं. नवं होतं ते वेगळंच. ‘केसरी’च्या परंपरेत वाढलेला वाचक पत्र हातात घ्यायचा तो मुख्यतः अग्रलेखासाठी. परुळेकरांनी मतापेक्षा बातमीला मोठं केलं, तीही जवळच्या बातमीला. गावोगावी बातमीदार नेमले, बाजारभावांना जागा दिली, वाक्यं लहान ठेवली. ज्याच्या घरात तोवर वर्तमानपत्र येत नव्हतं, त्यालाही ते वाचता यावं, असा हा बेत होता. मला विचाराल तर नानासाहेबांचं सगळ्यात मोठं काम हेच. अग्रलेख चांगला लिहिणारे पुण्यात पुष्कळ होते.

मग मी जुन्या अंकांच्या फायली वाचायला बसले. तेव्हा जे शिकले ते सांगते.

दहा वर्षं वाचायचा हट्ट धरू नका. एक पंधरवडा घ्या, पण अंकातली ओळन्‌ओळ वाचा. फाइल उघडण्याआधी त्या दिवसांचं कॅलेंडर वहीत लिहून काढा. १९३२चा जानेवारी घ्या. गोलमेज परिषदेहून गांधीजी २८ डिसेंबरला मुंबईत उतरले आणि ४ जानेवारीला त्यांना अटक झाली. म्हणजे हे दैनिक चार दिवसांचं असताना देशातली सर्वांत मोठी बातमी येऊन आदळली. शिवाय १९३१च्या प्रेस कायद्यानं छापखान्याकडून आणि प्रकाशकाकडून जामिनाची रक्कम मागायचा अधिकार सरकारच्या हाती होता. हे माहीत असलं की त्या काळचा प्रत्येक मथळा वेगळा वाचला जातो. (याच कॅलेंडरमुळे आणखी एक गोष्ट लक्षात आली. बाळशास्त्री जांभेकरांचं ‘दर्पण’, मराठीतलं पहिलं वृत्तपत्र, ६ जानेवारी १८३२चं. त्याला शंभर वर्षं पुरी व्हायला पाच दिवस असताना ‘सकाळ’ निघालं. मला त्या दिवशी फार आनंद झाला होता.)

अग्रलेख सगळ्यात शेवटी वाचा. आधी जाहिराती, भाव, प्रिंटलाइन (मुद्रक-प्रकाशकाचं नाव छापलेली ओळ) आणि बातमीखालचं गावाचं नाव. मी वहीत चारच रकाने आखले होते: बातमी कुठली, किती ओळींची, कोणत्या पानावर, घडल्यापासून किती दिवसांनी छापलेली. एस.टी. नव्हती, तालुक्याचा मजकूर टपालानं यायचा. त्यामुळे शेवटचा रकाना फार बोलका होतो. कागद जुना असतो, पान कोपऱ्यातून उचलू नका, दोन्ही तळहात खाली घाला. पेन नेऊ नका, पेन्सिल न्या.

पानं आणि पैशांचा हिशेब कुठून आणायचा, हा प्रश्न उरतो. तो मला सापडला सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रात. १९६०च्या सरकारी आदेशानं दैनिकाची किंमत आणि पानं एकमेकांना बांधून टाकली होती. ‘सकाळ’ ७ नव्या पैशांना विकला जायचा आणि आठवड्याच्या सहा दिवसांत मिळून ३४ पानं द्यायचा. आदेश पाळायचा तर किंमत ८ पैसे करा, नाहीतर पानं २४वर आणा, अशी कोंडी झाली. ‘सकाळ’ न्यायालयात गेला आणि सप्टेंबर १९६१मध्ये जिंकला. पानं आणि खप यांवर बंधन घालणं म्हणजे अभिव्यक्तिस्वातंत्र्यावरच बंधन, असं न्यायालयानं मानलं. घटनेचा कलम १९ शिकताना आजही कायद्याचे विद्यार्थी हा खटला वाचतात. त्याच निकालात खपही नोंदलेला आहे: रोजचा सुमारे ५२ हजार, रविवारचा ५६ हजार.

एका पैशासाठी दैनिक इतकं का लढलं, हे समजायला १९३२चा वाचक आठवावा लागतो. पैसा वाढला की आधी तोच तुटणार होता. माझा दुसरा मसुदा मी या पैशापासून सुरू केला आणि मागे मागे जात पहिल्या अंकापर्यंत पोचले. तुम्हीही निकालपत्र आधी वाचा, ते घरबसल्या मिळतं. फायलींसाठी ग्रंथालयात मात्र विभागाचं पत्र घेऊन जा, आणि सकाळी उघडताच जा. दुपारनंतर जुन्या पानांवरची बारीक अक्षरं लागत नाहीत.