ई-३६ च्या मागच्या शॉकअपला ई-४६ चे माउंटिंग बसवताना

बीएमडब्ल्यूच्या ३ मालिकेतील ई-३६ ही पिढी १९९० मध्ये आली आणि २००० पर्यंत तिच्या निरनिराळ्या आवृत्त्या तयार होत राहिल्या. म्हणजे आज जर्मनीच्या रस्त्यांवर दिसणारी सर्वांत तरुण ई-३६ सुद्धा किमान पंचवीस वर्षांची आहे. अशा गाडीचे इंजिन वेळच्या वेळी ऑइल बदलून सांभाळले असेल तर ते अजून उत्तम चालते. थकते ते रबर, आणि त्यातही लवकर थकते ते मागच्या शॉकअपच्या माथ्यावरचे माउंटिंग, म्हणजे शॉकअपला गाडीच्या पत्र्याशी जोडणारा रबरी भाग. त्या जागी पुढच्या पिढीचे, म्हणजे ई-४६ चे माउंटिंग बसते आणि ते अधिक मजबूत आहे. माझी १९९५ सालची ३२० आय मी याच पद्धतीने दुरुस्त केली असून, हे काम घरच्या साध्या पान्यांनी कसे करावे आणि ते करताना कोठे थांबून विचार करावा, हे येथे सविस्तर लिहीत आहे.

नवीन पिढीचा भाग जुन्या गाडीला लावणे नेहमीच शहाणपणाचे असते असे नाही. भाग बसला, एवढ्याने काम होत नाही. बोल्टची भोके जुळली पाहिजेत, शॉकअपचा दांडा त्यातून नेमका गेला पाहिजे, आणि भागाची उंची तीच राहिली पाहिजे, म्हणजे चाकाची वरखाली होण्याची मर्यादा बदलणार नाही. या तिन्ही गोष्टी जुळत असतील आणि कारखान्याने पुढच्या पिढीत फक्त कमकुवत जागा सुधारली असेल, तरच असा बदल करावा. ई-४६ चे मागचे माउंटिंग या कसोटीला उतरते. त्याच गाडीच्या स्प्रिंगा किंवा पुढच्या आर्म (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारे दांडे) मात्र उचलून आणू नयेत, कारण ई-४६ सर्वसाधारणपणे जड गाडी आहे आणि तिच्या पुढच्या सस्पेन्शनची रचनाही वेगळी आहे.

आधी आवाज कोठून येतो ते पक्के करावे. माउंटिंग गेल्याची खूण अशी, की दगडी फरशीच्या जुन्या गल्लीतून हळू जाताना किंवा लहानसा उंचवटा ओलांडताना मागच्या एका कोपऱ्यातून कोरडी खटखट ऐकू येते; वेग वाढला की ती रस्त्याच्या आवाजात बुडून जाते. असाच आवाज डिकीतला जॅक, सुटलेला स्टेपनीचा बोल्ट, सायलेन्सरचे ताणलेले रबर किंवा स्टॅबिलायझरची लिंक यांमुळेही येतो, म्हणून प्रथम डिकी पूर्ण रिकामी करून एक फेरी मारावी. तरीही आवाज राहिला तर डिकीच्या बाजूचे आच्छादन सोडवावे. चाकाच्या कमानीच्या माथ्यावर प्रत्येक बाजूला दोन नट दिसतील. एकाने डिकीच्या कोपऱ्यावर भार देऊन गाडी वरखाली हलवावी आणि दुसऱ्याने त्या नटांशेजारच्या पत्र्यावर बोटे टेकवून ठेवावीत. रबर फाटले असेल तर प्रत्येक हालचालीच्या सुरुवातीला बोटांना बारीक ठोका जाणवतो. कानापेक्षा बोटांवर विश्वास ठेवावा, कारण मोकळ्या डिकीत आवाज फिरतो आणि डावा की उजवा हे कळत नाही.

याच वेळी पत्रा बारकाईने पाहावा, आणि ही पायरी कधीही गाळू नये. फाटलेल्या माउंटिंगवर महिनोन् महिने गाडी चालवली तर शॉकअपचा दांडा पत्र्यावर आदळत राहतो आणि बोल्टच्या भोकांभोवती तडे जाऊ लागतात. रंगात केसासारखी बारीक रेघ दिसली आणि तिच्या कडेला तांबूस गंज असेल, तर ती रेघ केवळ रंगाची नाही. असा पत्रा वेल्डिंग करून नीट केल्याशिवाय नवे माउंटिंग लावण्यात काहीही अर्थ नाही. इथे जर्मनीत हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे कमानीच्या आतील बाजूचा गंजही खालून टॉर्च धरून तपासावा.

सामान मागवताना दोन्ही बाजूंचे घ्यावे. दोन माउंटिंग, त्यांच्या आणि पत्र्याच्या मध्ये बसणारे दोन पातळ गॅस्केट, नवे सेल्फ-लॉकिंग नट, दोन बंपस्टॉप (शॉकअप पूर्ण दाबला गेल्यावर धक्का झेलणारे ठोकळे) आणि त्यांच्यावरची धूळ अडवणारी नळी, एवढे एकदाच मागवले की शॉकअप पुन्हा काढावा लागत नाही. जुना बंपस्टॉप बोटांनी दाबला असता चुरा होऊन पडत असेल, तर तो पुन्हा वापरण्याचा मोह टाळावा. याशिवाय डिकीच्या आतून, नटांच्या खाली बसणारी पोलादी मजबुतीची प्लेट मिळते; ती भार मोठ्या क्षेत्रावर वाटते आणि पत्रा फाटण्याचा धोका कमी करते. माझ्या मते ही प्लेट माउंटिंगइतकीच महत्त्वाची आहे. सुरुवातीला मी अगदी स्वस्तातले, कोणत्याही ओळखीच्या नावाचे नसलेले माउंटिंग घेतले होते. दोन हिवाळ्यांत त्याचे रबर मधल्या धातूपासून सुटले आणि सगळे काम पुन्हा करावे लागले. या भागात पैसे वाचवू नयेत.

ई-३६ च्या सेडान आणि कूपेमध्ये मागची स्प्रिंग आणि शॉकअप वेगवेगळ्या जागी असतात, ही आपल्या सोयीची गोष्ट आहे. स्प्रिंग दाबून धरण्याचे धोकादायक अवजार येथे लागत नाही. परंतु मागची आर्म खाली किती लोंबेल याची मर्यादा शॉकअपच ठरवतो, हे ध्यानात ठेवावे. तो सोडवला आणि आर्मला खालून आधार नसला, तर ती एकदम खाली येऊन ब्रेकचा रबरी पाइप ताणला जातो आणि स्प्रिंगही जागेवरून हलू शकते. म्हणून गाडी सपाट जमिनीवर घ्यावी, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी अडण लावावी, मागची बाजू उचलून ठरलेल्या आधारबिंदूंखाली स्टँड ठेवावेत आणि चाक काढल्यावर दुसरा जॅक आर्मखाली हलकेच टेकवावा. केवळ जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कोणत्याही कारणाने हात घालू नये. ज्यांना इमारतीच्या आवारात असे काम करण्याची मुभा नाही, त्यांनी तासाच्या भाड्याने लिफ्ट मिळते अशा वर्कशॉपमध्ये जावे. जर्मनीत अशा जागा बऱ्याच शहरांत आहेत आणि तेथे जॅक-स्टँडची काळजीच उरत नाही.

शॉकअपला आर्मशी जोडणाऱ्या खालच्या बोल्टवर आदल्या दिवशी गंज सोडवणारे तेल मारून ठेवले तर दुसऱ्या दिवशीचा अर्धा त्रास वाचतो. प्रथम तो बोल्ट १८ च्या पान्याने फक्त सैल करावा, पूर्ण काढू नये. मग डिकीतील दोन नट १३ च्या पान्याने काढावेत. आता खाली येऊन आर्मखालचा जॅक थोडा वरखाली करावा. एका विशिष्ट उंचीवर बोल्टवरचा ताण निघून जातो आणि तो बोटांनी बाहेर येतो. तो ठोकून काढावा लागत असेल तर जॅकची उंची चुकली आहे असे समजावे. शॉकअप बाहेर आल्यावर जुने गॅस्केट बहुधा पत्र्याला चिकटून राहिलेले असते. ते लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीने खरवडावे, जागा पुसून कोरडी करावी, आणि रंग उडाला असेल तर गंजरोधक रंगाचा हात देऊन तो वाळेपर्यंत थांबावे. घाईत बहुतेक जण हीच पायरी सोडून देतात आणि पुढे पत्रा तेथेच गंजतो.

माझ्या गाडीचे उजवे माउंटिंग हातात घेतले तेव्हा वरून ते जवळजवळ नवे वाटत होते. अंगठ्याने मधला भाग दाबला, आणि रबराच्या कडेने गोल चीर उघडली. चिरेच्या आत रबर झिजून झालेली काळी भुकटी होती आणि तिच्यात धातूची चमकणारी कणी मिसळलेली होती. वरवर धड दिसणारे माउंटिंग एवढ्यावरून ठीक समजू नये. दोन्ही हातांत धरून पिळून पाहावे.

जुने माउंटिंग शॉकअपच्या दांड्यावरून काढण्यापूर्वी सगळ्या भागांचा क्रम मोबाइलवर टिपून घ्यावा: खाली बंपस्टॉप आणि धुळीची नळी, त्यावर वॉशर, मग माउंटिंग, पुन्हा वॉशर आणि शेवटी नट. वॉशरचा वाटीसारखा खोलगट भाग कोणत्या बाजूला आहे, हेही फोटोत दिसू द्यावे. नट सोडवताना दांडा फिरू नये म्हणून तो ॲलन की किंवा दांड्यावरच्या सपाट जागेत बसणाऱ्या पान्याने धरावा. कोणती सोय आहे हे शॉकअपच्या बनावटीवर ठरते. हवेवर चालणारी गन येथे वापरू नये, कारण गनच्या झटक्याने दांडा आत गरगरा फिरतो आणि तेल अडवणारी सील खराब होते. दांडा पकडीने धरणेही तितकेच वाईट, कारण दांड्यावर उमटलेला प्रत्येक ओरखडा पुढे सील कापत राहतो. शॉकअप सुटा झालाच आहे तर तो उभा धरून दांडा सावकाश पूर्ण दाबावा आणि सोडावा. मध्येच कोठे पोकळ लागला किंवा अंगावर तेलाचा ओला थर दिसला, तर दोन्ही शॉकअप बदलावेत. मेलेल्या शॉकअपवर नवे माउंटिंग लावून चाकाची उसळी थांबत नाही.

आता ई-४६ चे माउंटिंग जुन्याशेजारी ठेवावे. दोन बोल्टमधील अंतर, मधले भोक आणि एकूण उंची मोजूनच पुढे जावे, कारण पाकिटावरील नाव आणि आतला भाग नेहमी जुळतोच असे नाही. जुळणी झाल्यावर फोटोतल्या क्रमाने भाग चढवावेत आणि दांड्याचा नट १४ न्यूटन मीटरला आवळावा. ही ताकद फारच कमी वाटते, पण एवढीच हवी. येथे जोर लावला तर रबर पहिल्याच दिवशी पिळले जाते. वर नवे गॅस्केट ठेवून शॉकअप कमानीत घालावा, डिकीत मजबुतीची प्लेट बोल्टवर बसवावी आणि नवे नट हाताने फिरवत न्यावेत. प्लेटमुळे बोल्टची थोडी लांबी खर्च होते, म्हणून नट पूर्ण बसल्यावर त्याच्या वर बोल्टचे एक-दोन आटे दिसतात ना, हे तपासावे. दिसत नसतील तर प्लेट खरोखर सपाट टेकली आहे का, खाली जुन्या गॅस्केटचा तुकडा अडकला आहे का, हे पाहावे.

डिकीतले हे आठ मिलिमीटरच्या आट्यांचे नट २४ न्यूटन मीटरला आवळतात. चाकासाठी वापरला जाणारा मोठा टॉर्क रेंच, म्हणजे ठरलेल्या ताकदीने आवळण्याचा पाना, बहुधा एवढ्या खालच्या आकड्यापासून सुरू होत नाही, तेव्हा लहान रेंच उसना घ्यावा. माझ्याआधी ही गाडी ज्याने कोणी दुरुस्त केली होती, त्याने अंदाजाने आवळून डावीकडचा एक बोल्ट ताणला होता; त्याचे आटे मधोमध बारीक झालेले स्पष्ट दिसत होते.

खालचा बोल्ट या टप्प्यावर केवळ बसता करून ठेवावा. शॉकअपच्या खालच्या डोळ्यात रबरी बुश, म्हणजे बोल्टभोवतीची रबराची कडी, असते. चाक हवेत लोंबत असताना बोल्ट घट्ट केला, तर गाडी जमिनीवर येताच ते बुश कायमचे पिळलेल्या अवस्थेत राहते आणि काही महिन्यांतच फाटते. म्हणून चाक लावून गाडी खाली उतरवावी, दोन-तीन वेळा मागून दाबून सोडावी, आणि भार चाकांवर असतानाच, आपल्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये त्या बोल्टसाठी दिलेल्या टॉर्कला तो आवळावा. लिफ्टवर काम करत असाल तर आर्म जॅकने उचलून चालत्या उंचीवर आणली तरी चालते. उंची चुकू नये म्हणून, गाडी उचलण्यापूर्वीच चाकाच्या मध्यापासून कमानीच्या कडेपर्यंतचे अंतर मोजून लिहून ठेवावे.

भार चाकांवर असतानाच रबर पक्के करण्याचा हाच नियम याहून जुन्या ई-३० पिढीच्या मालकांनाही लागू पडतो. ते पुढच्या आर्मच्या मागील टोकाला ई-३६ च्या एम-३ या वेगवान आवृत्तीचे भरीव रबराचे बुश बसवतात, कारण साध्या बुशमध्ये असणाऱ्या पोकळ्या त्यात नसतात आणि ब्रेक लावताना चाक मागे सरकणे कमी होते. ते बुश साबणाच्या पाण्यावर सरकवून चढवले, की पाणी वाळण्यापूर्वी, साधारण अर्ध्या तासात, गाडी चाकांवर उभी करावी लागते. पाणी वाळले की रबर ज्या कोनात असेल त्याच कोनात आर्मला घट्ट धरते.

काम झाल्यावर आच्छादन लगेच लावू नये. डिकी उघडी ठेवूनच त्याच दगडी गल्लीतून हळू एक फेरी मारावी. त्यानंतर शंभर-दोनशे किलोमीटर गाडी चालली की डिकीतील चारही नट पुन्हा २४ न्यूटन मीटरला तपासावेत, कारण नवे गॅस्केट दाबले जाऊन किंचित बसते. दर दोन वर्षांनी होणाऱ्या सक्तीच्या तपासणीत परीक्षक सस्पेन्शन बारकाईने पाहतात, म्हणून भागांची पावती गाडीच्या कागदांत ठेवावी. आणि केवळ माउंटिंग न बदलता शॉकअप किंवा स्प्रिंगाही दुसऱ्या मॉडेलच्या लावायच्या असतील, तर खरेदीपूर्वीच परीक्षकाला विचारावे. तीस वर्षे पूर्ण झालेल्या गाडीसाठी जुन्या वाहनाची एच नंबरप्लेट घेणाऱ्यांनी तर हे आवर्जून करावे आणि काढलेले मूळ भाग टाकून न देता पेटीत जपून ठेवावेत.